दर चौथा टाका

२ सप्टेंबर, सोमवार

उजव्या हाताने लिहायचं. रोज. व्यायामाच्या बाईंचा हुकूम. हे माझं अक्षर नाही. थकले.

३ सप्टेंबर, मंगळवार

पेन दोनदा पडलं. ह्यांनी उचलून दिलं. दुसऱ्यांदा मी रागावले, ह्यांच्यावर. पेनवर रागावून काय उपयोग?

७ सप्टेंबर, शनिवार

मधले दिवस नुसत्या रेघोट्या. बाई म्हणाल्या, नुसतं लिहू नका, रोज एक तरी चांगली गोष्ट लिहा, जिच्यामुळे बरं वाटलं. आजची चांगली गोष्ट: बाई दहा मिनिटं लवकर गेल्या.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज अक्षर जरा वाचता येतंय, म्हणून झालं ते एकदा लिहून ठेवते. जुलैच्या मध्यावर एका सकाळी मशीनवर बसले होते. उशीचा अभ्रा शिवत होते, काही विशेष नाही. उजवा हात मांडीवर पडला आणि तो कुणाचा आहे हेच मला कळेना. मेंदूत गुठळी, डॉक्टर म्हणाले. पाय पंधरा दिवसांत ताळ्यावर आला, जिन्यावर काठी लागते तेवढीच. तोंड तर एक दिवसही बंद नव्हतं. हे म्हणतात, गुठळीलासुद्धा कुणाशी गाठ आहे ते कळलं असणार. हात मात्र राहिला. पहिल्या चार-पाच महिन्यांत जेवढा परत येईल तेवढा आपला, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यातले दोन गेले.

एकतीस वर्षं मी इस्पितळाचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग आणि शिलाई केली. निवृत्तीनंतर घरी मशीन आणि वाट्याला येतील ती कामं. या हाताशिवाय मी कोण, हा प्रश्न मला सकाळी उठल्या उठल्या पडतो, आणि तेव्हा घरात कुणी बोललेलं मला खपत नाही.

बाईंचा व्यायाम म्हणजे दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायचे आणि काढायचे. पासष्ट वर्षांच्या बाईने अर्धा तास चिमटे लावायचे, काढायचे, आणि दोरीवर एक कपडा नाही! तिसऱ्या दिवशी मी चिमट्यांची टोपली खिडकीबाहेर ठेवून दिली. पाऊस आला तर गंजू देत.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची नर्स स्कर्ट घेऊन आली. "मावशी, जमेल तेवढंच करा हं. नाही जमलं तरी काही बिघडत नाही." मी स्कर्ट घडी घालून तिच्या हातात परत दिला. नाही जमलं तरी चालेल असं काम मी आयुष्यात घेतलेलं नाही. ती गेल्यावर ह्यांना बजावलं, "दयेचं काम परत दारात आलं तर मी दार लावून घेईन. तुम्ही बाहेर असलात तरी."

ह्यांनी चहाचा कप उचलला. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस, मागे कितीही आरडाओरडा झाला तरी समोर बघत बसतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

नर्स परत आली, पण आज वेगळीच. केस विस्कटलेले, हातात ड्यूटीचा झगा, बगलेखालची शिवण सहा इंच उसवलेली. "मावशी, दोन वाजता कामावर हजर व्हायचंय, दुसरा धुतलेला नाही, आणि कोपऱ्यावरचा शिंपी आज बंद. शिव्या द्या हव्या तर, पण टाके घाला."

शिव्या दिल्या आणि टाके घातले. हातानेच. डाव्या हाताने कापड दाबून धरलं, उजव्या हाताच्या चिमटीत सुई. सहा इंचांना पन्नास मिनिटं लागली. कारखान्यात एवढ्या वेळात मी चाळीस झगे कापले असते. टाके म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखे. पण धरले! ती झगा घालून पायऱ्या उतरली तेव्हा मी खिडकीतून तिच्या बगलेकडे बघत होते.

एक नवल वाटलं. कापडाला ओरखडासुद्धा नव्हता, नुसता दोरा गेलेला. हल्ली दोरा कुजकाच येतो. चांगली गोष्ट: सहा इंच.

२६ सप्टेंबर, गुरुवार

परवा शेजारचे मास्तर आले. गणित शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहतात. दारात उभे, कानापर्यंत लाल, हातात पॅन्ट. बैठकीची शिवण गेलेली.

"कशी काय गेली?" मी विचारलं.

"वाकलो," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "बसलो." आणि शेवटी ह्यांच्याकडे बघून, "वाकून बसलो."

म्हातारपणी माणसाचा गोंधळ उडतो. मी पॅन्ट ठेवून घेतली. दोन दिवस लागले, पण ह्या वेळी कोंबडी जरा सरळ चालली. आज मास्तर न्यायला आले ते चहाला थांबले आणि तास दीड तास बोलत बसले. त्यांना एवढं बोलता येतं हे बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

या आठवड्यात पाच कामं. नर्सचे दोन झगे, मास्तरांचा शर्ट, खालच्या बेकरीवाल्याच्या कामगाराची पॅन्ट, आणि आमच्या लेकीच्या घरचा पडदा. तिने तो रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणला. आमची इमारत इतकी फाटकी आहे याची मला कल्पना नव्हती.

सगळ्या कपड्यांचा आजार एकच. कापड धड, दोरा तुटलेला, आणि भिंगातून पाहिलं तर दर चौथा टाका गेलेला. मोजून चौथा. दोरा बनवणाऱ्या यंत्रातच खोट असणार. मी ह्यांना म्हटलं, त्या कंपनीला सणसणीत पत्र लिहिते, आता हात चालतोय.

हे एकदम उभे राहिले. "कशाला गं? पत्रं कोण वाचतं हल्ली?"

"मग मास्तरांना सांगते, ते आकडे काढून देतील."

"मास्तरांना नको," हे म्हणाले. "त्यांचा रक्तदाब वाढतो."

ह्यांना मास्तरांच्या रक्तदाबाची एवढी काळजी कधीपासून, कोण जाणे. जेवणानंतर हे गॅलरीचं दार लावून शब्दकोडं सोडवत बसतात. तासभर तरी. पूर्वी पेपरात कोडं असतं हेसुद्धा ह्यांना माहीत नव्हतं. घरात बसून माणूस बदलतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज मशीनवर बसले!

तीन महिन्यांनी. झाकण काढलं तेव्हा तेलाचा वास आला आणि मला हुंदका फुटला, तो मी खोकल्यात घालवला. पायाला पायडल आठवत होतं. हाताने कापड पुढे सरकवायचं तेवढं. पहिली ओळ वाकडी, दुसरी जरा बरी, तिसरी माझी. नर्स, मास्तर आणि हे तिघं ओळीने भिंतीला टेकून उभे होते, जसं काही मी तारेवरून चालत होते. तिसऱ्या ओळीला मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. "वर्गात टाळ्या वाजवू देत होता का?" मी विचारलं. नाही म्हणाले.

खरं लिहायचं तर दुपार कधी संपते ते आता कळत नाही. कुणी ना कुणी असतं. मी टाके घालते, ते बोलतात, मी त्यांच्या चुका काढते. मला बरं वाटतं. बाईंच्या हुकमावरून लिहीत नाही, वाटतं म्हणून लिहितेय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांच्या स्वेटरवर दोऱ्यांचे तुकडे. पांढरे, निळे, एक लाल. दिवसभर माझ्या आसपास घुटमळतात, चिकटणारच. झटकून दिले तर दचकले.

लग्न झाल्यावर मी ह्यांना शिवण शिकवायचा खटाटोप केला होता. बोटं अशी जाड की सुई दिसायचीच नाही. एकच काम जमलं, उसवायचं. घाईच्या दिवसांत रात्रपाळीहून आल्यावर माझे चुकलेले झगे उसवून द्यायचे, दाढीचं पातं धरून, कापडाला धक्का न लावता. अजून आठवलं की हसू येतं, बस चालवणारा माणूस एवढ्या नाजूकपणे बसलेला. आता ते कसब काय कामाचं? असो. लाल दोऱ्याचं काम अजून माझ्याकडे आलेलं नाही, तो कुठून आला कोण जाणे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बेकरीवाल्याचा ॲप्रन आला. लाल शिवणीचा, खिसा लोंबणारा. मी सहज उलटा केला आणि ओळखला. तो मी शिवलेला आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बापाला मी असे सहा ॲप्रन शिवून दिले होते.

खिशाच्या कोपऱ्यात मी त्रिकोणी टाका घालते, मागे-पुढे तीन-तीनदा. कारखान्यात माझ्या त्रिकोणाला कुणी हात लावत नसे. कापड फाटेल पण तो सुटणार नाही, असं मी मुलींना सांगायची. आज तिथे नुसती भोकं होती. दोन्ही कोपऱ्यांत.

मी इतके दिवस दोऱ्याला नावं ठेवत होते.

ॲप्रन तसाच घडी करून ठेवला. हे विचारत होते काय झालं. काही नाही म्हटलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

चार दिवस लिहिलं नाही, शिवलं नाही. व्यायामाच्या बाई रागावल्या. पकड मागच्या आठवड्यापेक्षा कमी भरली. "आत्ता थांबलात तर हात आहे तिथेच राहील, मावशी. दिवस थोडे उरलेत." राहू दे म्हटलं.

ज्या हाताला परत आणायला मी एवढी धडपडतेय, तो कधी पक्का होता का? एकतीस वर्षं, किती हजार झगे. आजारी माणसांच्या अंगावर, नर्सच्या अंगावर. ते सगळे कुठे कुठे सुटत असतील, आणि मी इथे टाळ्या घेत बसले होते.

लेकीला फोन केला. रविवारी ये आणि मशीन घेऊन जा, तुझ्या शेजारच्या मुलीला दे, तिला शिकायचंय म्हणाली होतीस. लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फोन बाबांना दे." हे फोन घेऊन गॅलरीत गेले.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

मशीनवर झाकण घातलं. चांगली गोष्ट नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

हे सगळं नीट लिहिलंच पाहिजे.

सकाळी चहा झाल्यावर हे माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. हातात बिस्किटांचा जुना डबा. "ऐकतेस का? मला काही सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

डबा उघडला. आत दाढीची पाती, माझं हरवलेलं भिंग, आणि दोऱ्यांचा गुंता. पांढरा, निळा, लाल.

"उद्या मशीन जाणार, म्हणून सांगतो. नाहीतर मेलो तरी सांगितलं नसतं," हे म्हणाले. "मी उसवायचो."

"काय?"

"सगळंच. नर्सचा झगा, मास्तरांची पॅन्ट. लेकीचा पडदा. ते आणून द्यायचे, मी गॅलरीत बसून उसवायचो, आणि ते तुझ्याकडे आणायचे. नुसतं काम दिलं असतं तर तू दार लावून घेतलं असतंस. तूच म्हणालीस."

मला शब्द सुचेना. मला! गुठळीला जे जमलं नव्हतं ते ह्यांना जमलं.

"आणि दर चौथा टाका?"

"तूच शिकवलंयस. एका बाजूचा दर चौथा कापायचा, दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा, कापडाला इजा नाही. मला दुसरं काही येतच नाही. वळण तिथेच चुकलं. तू पत्र लिहिते म्हणालीस तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठून ॲप्रन आणला आणि त्यांच्या मांडीवर टाकला. "आणि हा?"

ह्यांनी मान खाली घातली. "हा तू शिवलेला होता हे मला माहीत नव्हतं. बेकरीवाल्याने चारपाच कपडे एकदम दिले. चष्मा नव्हता. पण तेव्हाच शंका यायला हवी होती. बाकीचे कपडे अर्ध्या तासात व्हायचे. ह्याच्या दोन कोपऱ्यांना माझे दोन दिवस गेले. दोन पाती मोडली. हे बघ," म्हणून त्यांनी अंगठा पुढे केला. खरंच, बोटभर चिकटपट्टी. मी आठ दिवस तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

"दोन पाती?"

"दोन. नवी कोरी."

मी ढसाढसा रडले. लिहायला लाज वाटत नाही. चांगली दहा मिनिटं रडले आणि हे खुर्चीतच कसनुसे बसून राहिले, कारण त्यांना वाटलं मी फसवणुकीबद्दल रडतेय. मला फसवलं, दीड महिना, अख्ख्या इमारतीने आणि पोटच्या लेकीने, आणि मला एवढं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. माझा टाका सुटला नव्हता. नऊ वर्षांनी, नव्या पात्याने, दोन दिवस खपून तो काढावा लागला!

मग रागावायचं राहून गेलं होतं ते आठवलं आणि रागावले. काठी न घेता दोन जिने उतरून बेकरीत गेले. बेकरीवाला पिठाच्या हातांनी मागे सरकला. "मावशी, काका म्हणाले कपडे दे, मी दिले. मला काय माहीत ते काय करतात? म्हणजे माहीत होतं. पण उसवताना मी बघितलं नाही, शपथ."

"तुझ्या बापाचा ॲप्रन आहे तो," मी म्हटलं. "उद्यापर्यंत शिवून देते. आणि परत कुणाच्या हातात दिलास तर बघ."

वर येताना पंचवीस पायऱ्यांवर चार वेळा थांबले. नर्सच्या दारावर थाप मारली, मास्तरांच्याही. दोघांना यथेच्छ सुनावलं. मास्तर म्हणाले, "वाकून बसलो असं कुणी म्हणतं का? मी इतकं वाईट खोटं बोललो, तरी तुम्हाला कळलं नाही?" नाही कळलं. मला तेव्हा कळून घ्यायचंच नसेल.

३ नोव्हेंबर, रविवार

लेक आली. मशीन न्यायला गाडी आणलीच नव्हती. "मला माहीत होतं बाबा काल सांगतील. मी त्यांना शनिवारपर्यंतची मुदत दिली होती," म्हणाली. मी तिला पडद्याबद्दल विचारलं. नवा होता. नवा पडदा शहर ओलांडून बापाकडे उसवायला आणला आणि आईकडून शिवून नेला. वेडी मुलगी. तिच्या पाठीवर एक धपाटा घातला, उजव्या हाताने. "लागला," ती म्हणाली आणि हसत सुटली.

ॲप्रनचे दोन्ही त्रिकोण घातले. दोन तास लागले. एकदा ओढून पाहिले. मग ह्यांना ओढायला लावले.

११ नोव्हेंबर, सोमवार

वाटलं होतं, बिंग फुटल्यावर आता कुणी येणार नाही. पण येतात. नर्स सुट्टीच्या दिवशी येते, मास्तर रोज. त्यांना मी बटण लावायला शिकवलं. माणूस गणितात हुशार, पण बटणाला चार भोकं का असतात याचा विचार त्यांनी कधी केलेला नाही. कालपासून बेकरीवाल्याची बायको येते, तिला कटिंग शिकायचंय. मी खडूने रेघ मारून देते, अजून मोठी कात्री उचलवत नाही. ती कापते आणि मी ओरडते. बरं चाललंय.

दयेला मी एवढी घाबरत होते. पण मास्तर रोज चार वाजता दार वाजवतात ते काही दयेने वाजवत नाहीत. त्यांना माझ्याकडे यायला एक पॅन्ट उसवावी लागली, बावीस वर्षांनी. दया कुणी कुणावर केली ते आता मला सांगता यायचं नाही. या सगळ्यांची मी ऋणी आहे. तोंडावर सांगणार नाही, फार चढून जातील.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

बाईंनी पकड मोजली. जुलैच्या आधीची नाही, पण डॉक्टरांनी धरली होती त्याहून जास्त. "आता कमी होणार नाही," म्हणाल्या. ते ऐकून हे उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडला.

संध्याकाळी थंडी पडली होती. हे ब्रेड आणायला निघाले, कोट घालू लागले आणि बाहीत हात अडकला. एकदा, दोनदा. मी म्हटलं, इकडे या. बाही उलटी केली. आतलं अस्तर बगलेपासून कोपरापर्यंत फाटलेलं. उसवलेलं नव्हे, खरंखुरं फाटलेलं, आणि तीन सेफ्टी पिनांनी आणि चिकटपट्टीने कसंतरी धरलेलं.

"कधीपासून?"

"ऑगस्ट. पावसात घातला होता, इस्पितळात जिन्याच्या कठड्याला अडकला."

"अहो, सगळ्या इमारतीचे धड कपडे उसवून माझ्यापुढे टाकलेत, आणि हा खरा फाटलेला कोट लपवून ठेवलात?"

ह्यांनी बाहीतली एक सेफ्टी पिन काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "त्यांचे कपडे तुला जमले नसते तर मी म्हटलं असतं, परत एकदा कर. पुन्हा उसवून दिले असते. दहादा दिले असते. पण हा माझा कोट. हा जमला नसता, तर मला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की आता हात यायचा नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं."

चार महिने मी समजत होते, या घरात घाबरलेली मी एकटीच आहे. हा माणूस समोर बघत बसला होता म्हणून मला दिसलं नाही. मी त्यांचा हात हातात घेतला. अंगठा अजून खरखरीत होता.

"काढा तो कोट," मी म्हटलं.

सुईत दोरा तिसऱ्यांदा गेला. अस्तर जुनं, विरलेलं, म्हणून आतून पट्टी लावली. हे नुसत्या शर्टावर माझ्या खुर्चीजवळ उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. पाऊण तासाने गाठ मारली, दोरा तोडला आणि कोट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात घातला. तो कुठेही न अडकता मनगटापर्यंत सरळ बाहेर आला. त्यांनी काढला आणि परत घातला. मग पुन्हा एकदा.

तोवर बेकरी बंद झाली होती, म्हणून आम्ही सूप आणि बिस्किटं खाल्ली. जेवतानासुद्धा ह्यांनी कोट काढला नाही.